गृहनिर्मित विमानातील उपकरणे व इंजिन-संवेदक : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

विमानविद्येचा इतिहास लिहिताना पंखांची रचना, इंजिनाची शक्ती आणि वैमानिकांचे धाडस या तीन गोष्टींना प्राधान्य दिले जाते. वैमानिकाच्या समोर असणाऱ्या उपकरणफलकाकडे मात्र इतिहासकारांचे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाच्या बाबतीत हे दुर्लक्ष एक वेळ समजण्यासारखे आहे. तेथे प्रत्येक मापक शासकीय संस्थेने तपासून मान्य केलेला असतो व त्याच्या अचूकतेची जबाबदारी उत्पादकावर असते. परंतु स्वतःच्या घरी, गॅरेजमध्ये किंवा शेतावरील कोठारात विमान बांधणाऱ्या हौशी निर्मात्याची स्थिती वेगळी आहे. इंजिनाचे तापमान, तेलाचा दाब, टाकीतील इंधन यांचे जे आकडे उड्डाणात त्याला दिसतात, ते दाखवणारी यंत्रणा त्याने स्वतः निवडलेली, स्वतः जोडलेली आणि स्वतःच तपासलेली असते. तो आकडा चुकीचा असेल तर त्याची किंमतही बहुधा त्यालाच मोजावी लागते.

गृहनिर्मित विमानांची चळवळ प्रामुख्याने अमेरिकेत वाढली. तेथील या विमानांत उपकरणे व संवेदक बसवण्याची पद्धती कशी बदलत गेली आणि त्या बदलांबरोबर निर्मात्याची जबाबदारी कशी बदलली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

राइट बंधूंची तीन उपकरणे

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे उडालेले राइट बंधूंचे विमान हे एका अर्थाने गृहनिर्मित विमानच होते. ते डेटन येथील सायकलच्या दुकानात तयार झाले. त्याचे सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन त्यांच्या दुकानातील यंत्रकारागीर चार्ली टेलर यांनी बनवले होते. या विमानावर तीन उपकरणे होती : हवेतून कापलेले अंतर मोजणारा पवनवेगमापक, विरामघड्याळ आणि इंजिनाचे फेरे मोजणारा गणक. इंजिन बंद करण्याची तरफ ओढली की ही तिन्ही उपकरणे एकाच वेळी थांबत.

यांतील एकही उपकरण उड्डाण चालू असताना वैमानिकाला मार्गदर्शन करण्यासाठी नव्हते. विमानाच्या खालच्या पंखावर पालथे झोपलेल्या वैमानिकाला ती वाचण्यास सवडही नव्हती. उड्डाण संपल्यावर काय घडले याची नोंद राहावी, हा त्यांचा हेतू होता. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे व १२० फुटांचे होते, तर चौथे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे होते, हे आज निश्चितपणे सांगता येते ते मोजमापाच्या या सवयीमुळे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपल्याकडे आदराने सांगितली जाते. तळपदे यांची जिज्ञासा निःसंशय आदरणीय आहे. परंतु काल, अंतर, इंजिनाची गती यांचे मोजमाप म्हणता येईल अशी त्या घटनेची नोंद आपल्या हाती नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाशी ही कथा जोडली जाते, त्याची बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली चिकित्सा केली. त्यात वर्णिलेली विमाने उडण्यास अयोग्य असून ग्रंथ विसाव्या शतकातील आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. इतिहासात दाव्याला पुराव्याचे रूप येते ते नोंदीमुळे, आणि विमानाच्या बाबतीत ती नोंद उपकरणे करतात.

हौशी निर्मात्यांचा आरंभकाळ

ब्राझीलचे सांतोस-द्युमाँ यांच्या ‘दमोआझेल’ या छोट्या विमानाचे आराखडे १९१० साली अमेरिकेतील ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या मासिकात छापले गेले. मिनेसोटातील बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचे इंजिन बसवून ‘एअर कॅम्पर’ हे दोन आसनांचे विमान सिद्ध केले. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांनी १९३० च्या दशकात ‘पू-द्यु-सिएल’ हे विमान व त्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध करून हजारो सामान्य लोकांना विमानबांधणीची प्रेरणा दिली. मात्र त्या विमानाच्या रचनेतील दोषामुळे झालेल्या प्राणघातक अपघातांनी तो उत्साह ओसरला.

या काळातील उपकरणफलक अगदी साधा असे. वायुवेगमापक, उंचीमापक, फेरेगणक, तेलाच्या दाबाचे व तापमानाचे मापक आणि होकायंत्र एवढ्यावर काम भागे. इंधनाची पातळी दाखवण्यासाठी अनेक विमानांत टाकीच्या झाकणातून वर आलेली, बुचावर उभी केलेली तार असे. बूच इंधनावर तरंगे व तार खाली गेली की इंधन कमी झाल्याचे कळे. या रचनेत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते, हे तिचे वैशिष्ट्य होते.

दरम्यान व्यावसायिक व लष्करी विमानविद्येत मोठा बदल घडला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या वैमानिककक्षातून, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवून उतरवले. सुरक्षेसाठी दुसरा वैमानिक सोबत होता, पण त्याला नियंत्रणांना हात लावावा लागला नाही. स्पेरी यांचे घूर्णीवर आधारित कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक, तसेच कोल्समन यांचा सूक्ष्म उंचीमापक ही या प्रयोगाची साधने होती. पुढे १९३७ साली ब्रिटिश हवाई दलाने सहा उपकरणांची प्रमाणित मांडणी स्वीकारली. वैमानिकाची नजर कोणत्याही विमानात त्याच जागी तीच माहिती शोधू शकावी, हा त्यामागील विचार होता. गृहनिर्मित विमानात अशी सक्ती कधीच नव्हती. या स्वातंत्र्याचे परिणाम पुढे दिसून आले.

कायद्याची मान्यता आणि तिचा अर्थ

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील हौशी निर्मात्यांना कायदेशीर स्थान मिळवण्यासाठी प्रयत्न करावे लागले. ओरेगॉन राज्यातील जॉर्ज बोगार्डस यांनी १९४७ साली आपले लहानसे विमान थेट राजधानी वॉशिंग्टनपर्यंत उडवत नेऊन अधिकाऱ्यांसमोर ही मागणी मांडली. १९५२ साली हौशी निर्मित विमानांसाठी ‘प्रायोगिक’ वर्गात स्वतंत्र तरतूद झाली. जानेवारी १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने मिलवॉकी येथे एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनची स्थापना झाली. तिचा वार्षिक मेळावा १९७० पासून ऑशकॉश येथे भरतो.

या तरतुदीनुसार विमानाच्या बांधणीतील अर्ध्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेले असावे लागते. तयार विमानात एखादे नवे मापक बसवायचे तर ते त्या विमानासाठी मान्य झालेले असावे लागते, आणि ही मान्यता मिळवणे खर्चिक व वेळखाऊ असते. प्रायोगिक विमानाच्या मालकावर हे बंधन बहुतांशी नाही. त्याऐवजी त्याला सामान्यतः २५ किंवा ४० तासांचे चाचणी-उड्डाण मर्यादित क्षेत्रात पूर्ण करावे लागते. शासनाने येथे उपकरणाची हमी घेतलेली नाही. ती निर्मात्याच्या विवेकावर सोपवली आहे.

याच चौकटीत १९७० च्या दशकापासून बर्ट रुटान यांची ‘व्हॅरी-ईझी’ व ‘लाँग-ईझी’ ही विमाने आणि रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांची ‘आरव्ही’ मालिका लोकप्रिय झाली. सुट्या भागांच्या संचातून बांधलेली आरव्ही मालिकेतील दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान व जीना येगर यांनी बर्ट रुटान यांनी आखलेले ‘व्हॉयेजर’ हे विमान वाटेत कोठेही न उतरता व इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीभोवती नेले. निघताना त्याच्या सतरा टाक्यांत सुमारे ३,१८० किलोग्रॅम इंधन होते. परतल्यावर जेमतेम ४८ किलोग्रॅम उरले होते. अशा उड्डाणात इंधनाचा हिशेब हाच जगण्याचा हिशेब असतो.

संवेदक बसवण्याची कला

इंजिनाविषयीची माहिती वैमानिकापर्यंत पोहोचवण्याची जुनी पद्धत थेट होती. तेलाच्या दाबासाठी इंजिनापासून उपकरणफलकापर्यंत बारीक नळी आणली जाई व फेरेगणकासाठी फिरणारी लवचीक तार. या पद्धतीत गरम तेल, आणि काही विमानांत इंधनही, वैमानिकाच्या गुडघ्यांपर्यंत येत असे. नळी फुटली तर ते वैमानिककक्षात सांडण्याचा धोका होता. विद्युत संवेदकांमुळे द्रव पदार्थ अग्निरोधक भिंतीच्या पलीकडेच राहिले व आत केवळ तारा आल्या. हा सुरक्षिततेतील खरा लाभ होता. मात्र दाबसंवेदक थेट इंजिनावर बसवला तर कंपनाने त्याची जोडणी तडकते. म्हणून तो अग्निरोधक भिंतीवर बसवून लवचीक नळीने इंजिनाशी जोडण्याची आणि इंजिनाकडील टोकाला अगदी बारीक छिद्राचा जोड ठेवण्याची प्रथा रूढ झाली. नळी तुटली तरी तेल वेगाने वाहून जाऊ नये, हा त्या छिद्राचा उद्देश.

तापमानमापनाचा इतिहास याहून जुना आहे. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांमधील तापमानात फरक असेल तर विद्युत निर्माण होते, हे झेबेक यांनी १८२१ साली दाखवले होते. याच तत्त्वावरील तपयुग्म, म्हणजे थर्मोकपल, इंजिनात वापरले जाते. सिलिंडरच्या माथ्यासाठी लोखंड व कॉन्स्टंटन यांचे, तर निष्कास वायूसाठी क्रोमेल व ॲल्युमेल यांचे युग्म प्रचलित आहे. निष्कास वायूचे तापमान ७०० अंश सेल्सियसच्या आसपास असता त्या युग्मातून अवघे २९ मिलिव्होल्ट मिळतात. इतक्या क्षीण संकेतामुळे जोडणीतील लहानशी चूकही मोठी ठरते.

या चुकीचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. तपयुग्माची तार अपुरी पडली म्हणून निर्मात्याने इंजिनकक्षातच तिला साधी तांब्याची तार जोडली, असे समजू. जोडाच्या जागी तापमान ८० अंश आणि उपकरणाच्या मागे ३० अंश असेल, तर दाखवले जाणारे तापमान वास्तवापेक्षा सुमारे ५० अंशांनी कमी भरेल. हवेने थंड होणाऱ्या प्रचलित लायकमिंग इंजिनाच्या सिलिंडर माथ्याची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सियस असते आणि ॲल्युमिनियमचे बळ टिकावे म्हणून ते सुमारे २०५ अंशांच्या आत ठेवण्याचा सल्ला अनुभवी लोक देतात. अशा वेळी ५० अंशांची तफावत म्हणजे सुरक्षित व असुरक्षित यांतील संपूर्ण अंतर होय. फलकावरील आकडा स्थिर, स्पष्ट आणि विश्वासार्ह वाटेल. तो केवळ खरा नसेल.

निष्कास वायूचे संवेदक प्रत्येक नळीवर सिलिंडरपासून समान अंतरावर बसवावे लागतात, अन्यथा चार सिलिंडरांची तुलना निरर्थक ठरते. इंजिनाच्या धातूमधूनच विद्युतमंडल पूर्ण करणाऱ्या संवेदकांत आणखी एक अडचण येते. इंजिन व उपकरण यांच्यामधील भू-जोडणीत थोडा जरी रोध असला, तरी दिवा लावताच तेलाच्या दाबाचा काटा हलतो. तेलाचा दाब बदललेला नसतो. बदललेला असतो तो संदर्भबिंदू. म्हणून सर्व भू-तारा एकाच ठिकाणी आणण्याचा दंडक पाळला जातो. इंधनप्रवाहमापकातील छोट्या चक्राचे फेरे व प्रत्यक्ष खर्च यांचे गुणोत्तर उड्डाणानंतर भरलेल्या इंधनाशी पडताळावे लागते. टाकीतील पातळी दाखवणारा संवेदक तर रिकाम्या टाकीत ठरावीक मापाने इंधन ओतत व प्रत्येक वेळी नोंद घेत मापांकित करावा लागतो.

हवेच्या दाबावर चालणारी उपकरणेही याला अपवाद नाहीत. आरव्ही मालिकेतील विमानांत स्थिर दाब घेण्याचे छिद्र एका साध्या रिव्हेटच्या फुगीर डोक्यातून काढलेले असते. काही निर्मात्यांनी ते ओबडधोबड वाटून त्याजागी पृष्ठभागाशी समतल, सुबक तुकडा बसवला, तेव्हा वेग व उंची यांच्या वाचनात चूक येऊ लागली. रिव्हेटचे डोके हवेच्या प्रवाहात किंचित उंचावलेले असणे हाच त्या रचनेचा आवश्यक भाग होता.

पडद्याचा उदय

२००० सालच्या आसपास परिस्थिती झपाट्याने पालटली. मोटारींतील सुरक्षापिशव्यांसाठी १९९० च्या दशकात विकसित झालेले सिलिकॉनवरील सूक्ष्म त्वरणमापक व तत्सम संवेदक स्वस्त झाले. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहीय स्थाननिश्चितीच्या नागरी संकेतात हेतुपुरस्सर आणली जाणारी अचूकतेतील घट थांबवली. २००३ साली डायनॉन कंपनीचे ‘डी-१०’ हे छोट्या पडद्याचे उपकरण सुमारे दोन हजार डॉलरांत प्रायोगिक विमानांसाठी उपलब्ध झाले. फिरत्या घूर्णीच्या अनेक यांत्रिक उपकरणांचे काम ते एकटे करत असे. कारखान्यातील हलक्या विमानांत गार्मिनची ‘जी-१०००’ ही पडदाप्रणाली २००४ पासून येऊ लागली, परंतु तिची किंमत सामान्य मालकाच्या आवाक्याबाहेर होती.

येथे इतिहासाने एक उलट वळण घेतले. २०१६ साली अमेरिकेच्या विमान प्रशासनाने डायनॉनच्या याच मालिकेतील ‘डी-१०ए’ हे उपकरण काही कारखानानिर्मित विमानांत बसवण्यास मान्यता दिली आणि त्यासाठी एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशननेच पुढाकार घेतला होता. ज्या क्षेत्राला मान्यतेच्या परिघाबाहेर ठेवले होते, तेच मान्यताप्राप्त विमानांसाठी प्रयोगशाळा ठरले.

लाभ आणि मर्यादा

नव्या उपकरणांमुळे सुरक्षितता आपोआप वाढली, असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली कारखानानिर्मित हलक्या विमानांचा तुलनात्मक अभ्यास केला. पडदाप्रणाली असलेल्या विमानांच्या एकूण अपघातांचे प्रमाण कमी, परंतु प्राणघातक अपघातांचे प्रमाण अधिक आढळले. याच मंडळाने २०१२ साली गृहनिर्मित विमानांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ही विमाने देशातील सामान्य विमानसंख्येच्या जवळजवळ १० टक्के असताना २०११ मधील अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के व प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. इंजिन व त्याच्याशी संबंधित यंत्रणांचे बिघाड आणि उड्डाणातील नियंत्रण सुटणे ही प्रमुख कारणे ठरली. पहिल्या उड्डाणापूर्वी इंधनयंत्रणेची प्रत्यक्ष चाचणी व्हावी आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांत साठणाऱ्या नोंदींचा चाचणी-उड्डाणांसाठी उपयोग करावा, अशा दिशेच्या शिफारशी त्यात होत्या. एका अर्थाने हे राइट बंधूंच्या पद्धतीकडे परतणेच होते.

उपकरण कोठे बसवले आहे, यावर काय अवलंबून असते हे १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ झालेल्या अपघाताने दाखवून दिले. गायक जॉन डेन्व्हर हे नुकतेच विकत घेतलेले लाँग-ईझी विमान उडवत असताना समुद्रात कोसळून मृत्युमुखी पडले. मूळ आराखड्यात वैमानिकाच्या हाताशी असलेली इंधनटाकी बदलण्याची मूठ या विमानाच्या निर्मात्याने डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवण्याच्या प्रयत्नात नियंत्रण सुटले, असे चौकशीत निष्पन्न झाले. निघण्यापूर्वी पुरेसे इंधन न भरणे हेही कारण नोंदवले गेले. त्याबरोबर मुठीची अवघड जागा व इंधनपातळीच्या काचेवर खुणा नसणे, या बाबीही कारणीभूत घटक म्हणून नमूद झाल्या. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची प्रत्येक सवय ठाऊक असते. दुसऱ्या मालकाला ती ठाऊक नसते. २०१२ च्या अभ्यासातही अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने मूळ निर्मात्याकडून नव्हे, तर वापरलेली विकत घेतलेली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

आपल्याकडे गृहनिर्मित विमानांची परंपरा नाममात्र आहे. या पार्श्वभूमीवर व्यवसायाने वैमानिक असलेल्या कॅप्टन अमोल यादव यांचा प्रयत्न उल्लेखनीय ठरतो. त्यांनी मुंबईत कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते प्रदर्शित झाले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली, २०१९ साली उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० साली धुळे येथे त्याने चाचणी-उड्डाण केले. बांधून तयार झालेले विमान आणि आकाशात उडालेले विमान यांच्यामध्ये गेलेली ही वर्षे नियमव्यवस्था किती महत्त्वाची असते हे दाखवतात. हौशी निर्मात्यासाठी स्वतंत्र चौकट अमेरिकेत १९५२ पासून अस्तित्वात आहे, हे यासंदर्भात आठवते.

समारोप

तीन उपकरणांपासून सुरू झालेला हा प्रवास आज एकाच पडद्यावर इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचे तापमान क्षणोक्षणी दाखवण्यापर्यंत आला आहे. या प्रवासात मोजण्याची साधने स्वस्त व सूक्ष्म झाली. मोजमापाच्या सत्यतेची जबाबदारी मात्र होती तेथेच, म्हणजे तार जोडणाऱ्या हातांशी राहिली. जुन्या बुचाच्या तारेची चूक डोळ्यांना दिसे. आजच्या पडद्यावरील चूक दशांश चिन्हासह, नीटनेटक्या अंकांत दिसते आणि म्हणून ओळखण्यास अधिक कठीण असते.

विज्ञान व अभियांत्रिकीच्या अध्यापनात आपण विद्यार्थ्यांना आकडेवारी वाचण्यास शिकवतो. तो आकडा कोणत्या संवेदकातून, कोणत्या जोडामधून व कोणत्या मापांकनानंतर आला, हे विचारण्यास शिकवणे तितकेच आवश्यक आहे. प्रयोगशाळेतील तपयुग्माचा पाठ शिकवताना गृहनिर्मित विमानाच्या या इतिहासाचा आधार घेतल्यास, मोजमापातील प्रामाणिकपणा म्हणजे काय याची जाणीव विद्यार्थ्यांमध्ये अधिक खोलवर रुजेल, असे वाटते.